३०१८ सीएनसीवर पीसीबीची भोकं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात माझ्या ३०१८च्या (कॉम्प्युटरवरून चालणारं, टेबलावर मावणारं कोरायचं-भोकं पाडायचं मशीन) स्पिंडलचं, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरचं, बेअरिंग गेलं. विक्रेता म्हणे स्पिंडल वॉरंटीत येत नाही, झिजणारा पार्ट आहे. आठ महिन्यांत झिजतो? तीन दिवस फोनाफोनी केली, दोनदा व्हिडिओ पाठवला, शेवटी नाद सोडला आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतून त्याजागी ७७५ नावाची मोटर आणायचं ठरवलं. मधल्या काळात जुनं १२ व्होल्टचं मिनी ड्रिल काढून १४० भोकांचा सर्किट बोर्ड (पीसीबी) हाताने पाडला, म्हणून हे लिहायला बसलोय.

माझं मशीनशी भांडण एकाच गोष्टीवरून होतं, भोक पॅडच्या (पार्टचा पाय सोल्डर करायची तांब्याची चकती) मधोमध पडत नव्हतं. टोनर ट्रान्सफर (सर्किटचं लेझर प्रिंट उष्णतेने तांब्यावर उतरवणं), फेरिक क्लोराइडने एचिंग (नको ते तांबं खाणं) सगळं करून बोर्ड बेडवर लावायचा, कोपऱ्यातल्या पॅडवर मोजमापाचा झिरो धरायचा, पहिली भोकं एकदम सेंटरला आणि ८० मिमी लांब बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत भोक पॅडच्या कडेला टेकलेलं, एका बाजूला केसभर तांबं उरलेलं, सोल्डरिंग आयर्न लावलं की तेही उचलून यायचं. चार महिने मशीनलाच दोष दिला. बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूत राहणारी ढिलाई) बघितला, कपलरचे स्क्रू आवळले, खालचा एमडीएफ बदलला, फरक शून्य.

मग एकदा प्रिंटवरच व्हर्निअर लावला. १०० मिमीची रेघ ९९.५ भरली! आडवी बरोबर, फक्त कागद ज्या दिशेने सरकतो तिकडे कमी. म्हणजे मशीन बरोबर जागी भोक पाडत होतं, लेझर प्रिंटर चित्र आखडवत होता. त्या दिशेला स्केल १००.५ टक्के केला आणि प्रश्न मिटला. तेव्हा ‘हे मशीन घेऊ नका’ असं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, ते शब्द मागे घेतो.

हाताने पाडताना ही भानगडच नाही. पॅडच्या मध्यभागी एचिंगने खाल्लेला ठिपका असतो, बिटचं टोक त्यात आपोआप बसतं, प्रिंट आखडलेली असली तरी. पॅड भरीव ठेवलात तर मात्र टोक तांब्यावरून घसरतं.

खर्चाचं म्हणाल तर मनगट जरा कललं की कार्बाइडचा बिट कट्‌कन मोडतो, १४० भोकांत माझे ३ गेले. मशीनवर ०.८ मिमीचा एकच बिट चार महिने चाललाय. एचएसएसचा (हाय स्पीड स्टील) मोडत नाही पण बोर्डातली ग्लास इपॉक्सी त्याची धार खाते, साठ-सत्तर भोकांनंतर तांब्याची कड उभी राहायला लागते. आणि हाताने करताना तोंड अगदी बोर्डाजवळ असतं, ती काचेची धूळ आहे, मास्क लावाच.

तीस-चाळीस भोकांचा एकच बोर्ड असेल तर मी आता हातानेच पाडतो, मशीन सेट करण्यातच वीस मिनिटं जातात. तेच दहा बोर्ड असतील तर मशीनच.

मोटर काल बसवली. आज सकाळी पहिला बोर्ड काढला, टोकाचं भोक भिंगाखाली धरलं, चारी बाजूंनी तांबं सारखं.