भिंतीवरची जलपरी: वॉटरहाउसच्या चित्राची प्रिंट, दहा महिन्यांनंतर

दिवाळीत घेतली आणि परवा नारळी पौर्णिमा झाली. रत्नागिरीचा जवळजवळ अख्खा पावसाळा या प्रिंटने काढलाय, म्हणून आत्ता लिहायला बसले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "छान आहे, घ्या" यापलीकडे काही सुचलं नसतं.

चित्र आहे जॉन विल्यम वॉटरहाउस या इंग्रज चित्रकाराचं, १९०० सालचं, 'अ मर्मेड', म्हणजे जलपरी. मूळ तैलचित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीकडे आहे. खडकांमधल्या छोट्याशा खाडीत, गोट्यांच्या किनाऱ्यावर एक जलपरी बसलीये. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात लांबसडक तांबूस केस. बाजूला मोठा शिंपला आणि त्यात मोती. बस, एवढंच.

आधी तक्रार सांगते, कारण प्रिंट मागवणाऱ्या प्रत्येकाने ती वाचायला हवी. पहिली प्रिंट मी ऑनलाइन मागवली, १८ बाय २४ इंचांची. घरी आल्यावर काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. मूळ चित्र सुमारे ९७ सेंटिमीटर उंच आणि ६७ रुंद आहे. १८ इंच रुंदी धरली तर उंची २६ इंच यायला हवी. विक्रेत्याने तयार फ्रेममध्ये बसवायला उंचीतले दोन इंच उडवले होते. दोन इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तिच्या डोक्यावरचा खडक आणि पायथ्याचे गोटे गेले की ती कोंडल्यासारखी दिसते. तिच्याभोवतीची मोकळी जागा हाच तर त्या चित्राचा जीव आहे. शिवाय शेपटीवर हिरवट झाक आली होती. मूळची शेपटी निळसर रुपेरी आहे, ताज्या बांगड्याची पाठ उन्हात दिसते तशी. प्रिंट परत केली.

दुसरी इथेच छापून घेतली. वॉटरहाउस १९१७ साली वारला, चित्रावर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे चांगली मोठी फाइल मिळाली की आपल्या मापाने बिनधास्त छापता येतं. सुती कागद, पिगमेंटची शाई, १८ बाय २६. छपाई आणि फ्रेम मिळून साडेचार हजार गेले. फ्रेमवाल्या काकांनी काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला लावला, "काच चिकटली तर पावसाळ्यात रंग काचेला लागून येईल" म्हणाले. त्यांचं ऐकलं ते फार बरं झालं. जुलैत शेजारच्या भिंतीला ओल आली, लग्नाच्या फोटोत बुरशीचे ठिपके पडले. ही प्रिंट मात्र स्वच्छ आहे. कागद खालच्या उजव्या कोपऱ्यात किंचित फुगलाय, तिरक्या उजेडात पाहिलं तरच दिसतो. काच साधी घेतली ही चूक झाली. दुपारी खिडकी तिच्या चेहऱ्यावर चमकते. चकाकी न मारणारी काच महाग पडते, तरी तीच घ्या.

आता चित्राविषयी. जलपरी म्हटलं की गाऊन खलाशांना बुडवणारी, असंच माझ्या डोक्यात होतं. रोज चहा घेताना समोर पाहून पाहून शंका यायला लागली, कारण या चित्रात खलाशी नाहीच. गलबत नाही, पुरुष नाही. ओठ अर्धवट उघडे आहेत, गात असेल, पण ऐकायला कुणी नाही. मग वाचायला लागले.

गाऊन खलाशांना बुडवणाऱ्या त्या म्हणजे ग्रीक कथांतल्या सायरन, आणि त्या मुळात माशाच्या नव्हत्याच, पक्ष्याच्या होत्या! ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी ४८० च्या सुमाराचं एक ग्रीक भांडं आहे. त्यावर ग्रीक कथांतला वीर ओडिसियस, त्यांच्या गाण्याला भुलू नये म्हणून, जहाजाच्या डोलकाठीला बांधलेला आहे आणि वर पंखांच्या, बाईच्या तोंडाच्या सायरन आहेत. माशाची शेपटी त्यांना मध्ययुगात लागली. सातव्या-आठव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात ती आढळते. (आपण भोंग्याला सायरन म्हणतो ते याच नावावरून. १८१९ साली एका फ्रेंच संशोधकाने आवाजाचं यंत्र केलं, ते पाण्याखालीही वाजायचं.) वॉटरहाउसला हे सगळं ठाऊक होतं. १८९१ साली त्यानेच ओडिसियसच्या जहाजावर झेपावणाऱ्या सायरन काढल्या, त्या पंखवाल्या आहेत. म्हणजे नऊ वर्षांनी त्याने ही काढली ती गोंधळून नाही. ही वेगळी आहे, हे जाणून काढली.

ही मला जास्त जवळची वाटते ती सीरियाच्या डेरकेटो देवीला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डिओडोरस या ग्रीक इतिहासकाराने तिची गोष्ट लिहून ठेवली आहे. तेव्हाच्या सीरियातल्या अस्कलोन शहराच्या या देवीला एका तरुणापासून मुलगी झाली. लाजेने तिने तळ्यात उडी घेतली आणि तिचं शरीर माशाचं झालं, तोंड तेवढं माणसाचं राहिलं. या गोष्टीत मोह घालणं नाही, स्वतःच्या देहापासून पळणं आहे. ती वाचल्यापासून चित्रातला कंगवा वेगळा दिसायला लागला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या झेनर गावच्या चर्चमध्ये बाकावर कोरलेली जलपरी आहे, तिच्या एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हातात आरसा; नखऱ्याची ती ठरलेली खूण. वॉटरहाउसने आरसा काढलेलाच नाही. ही स्वतःकडे बघत नाहीये, नुसते केस विंचरतेय, मनात काहीतरी घोळत असताना आपण विंचरतो तसे.

आई आली तेव्हा तिने विचारलं, "ही मत्स्यगंधा का गं?" म्हटलं, "नाही आई, मत्स्यगंधा मासळीच्या पोटी जन्मली, पण अंग माणसाचंच." आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हिच्याजवळ बसायला कुणीतरी हवं होतं."

प्रिंटचं बळ काय असतं तेही या निमित्ताने कळलं. पश्चिम आफ्रिकेत मामी वाटा नावाची जलदेवता पुजतात. तिचं आज सगळीकडे दिसणारं रूप १८८० च्या दशकात हॅम्बुर्गला छापलेल्या एका गारुडीणबाईच्या रंगीत चित्रावरून आलं. चित्रात कमरेखालचं अंग दिसत नाही; लोकांनी तिथे माशाची शेपटी पाहिली. १९५५ साली त्याच चित्राच्या १२,००० प्रती घानासाठी छापल्या गेल्या, त्या आपल्या मुंबईत, श्रीराम कॅलेंडर कंपनीत. म्हणूनच मी रंग आणि काटछाटीबद्दल इतकं हट्टाने लिहितेय.

टीव्हीच्या वर लावली होती, तिथून काढून आता बैठकीच्या उत्तरेच्या भिंतीला लावलीये. ऊन थेट येत नाही, आणि खुर्चीत बसलं की तिचा चेहरा बरोबर आपल्या डोळ्यांसमोर येतो. शेजारची जागा १८९१ च्या पंखवाल्यांसाठी ठेवली आहे. ते चित्र मेलबर्नला आहे, उंचीच्या दुप्पट रुंद, कुठल्याच तयार फ्रेममध्ये बसणार नाही. काकांना ३६ बाय १८ चं माप देऊन आले, आणि या वेळी काच चकाकी न मारणारी सांगितली आहे.