कोको पॉप्स, फ्रॉस्टीज, वीटाबिक्स: साखरेच्या हिशेबाने

ब्रिटनमध्ये मुलांसाठी नाश्त्याचं सीरियल (दुधात घालून खायचं तयार धान्य) घेताना खोक्यावरचं माकड-वाघ सोडा, बाजूचा तक्ता वाचा. केलॉग्जने 2018 मध्ये कोको पॉप्समधली साखर 100 ग्रॅममागे 30 वरून 17 ग्रॅमवर आणली आणि साखरेचा मुलामा दिलेले रिसिकल्स बंदच केले. बदल खरा आहे, स्वागतार्हही आहे. फ्रॉस्टीज मात्र 37 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त साखरच! साधं वीटाबिक्स, म्हणजे गव्हाच्या वड्या, जेमतेम 4 ग्रॅमवर थांबतं, आणि रोजच्यासाठी आमची पसंती त्यालाच.

तुलना नेहमी 100 ग्रॅमच्या रकान्यावरून करा. खोक्यावरच्या रंगखुणेत साखर 22.5 ग्रॅमच्या वर असेल तर लाल, 5 किंवा त्याखाली हिरवा. ‘दुधासह’ रकान्याने गोंधळ होतो: 125 मिली दुधातली सहाएक ग्रॅम नैसर्गिक साखर त्यात मिसळलेली असते.

खरी चूक वाडग्यात होते. खोक्यावर दिलेलं एका वेळचं प्रमाण 30 ग्रॅम. एकदा काट्यावर तोलून पाहा, वाडग्याचा तळ कसाबसा झाकतो. खोलगट वाडगा भरला की सहज 60 ग्रॅम होतात. तेवढ्या फ्रॉस्टीजमध्ये 22 ग्रॅम साखर. 4 ते 6 वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादाच 19 ग्रॅम आहे.

ग्रॅनोलाही (भाजलेल्या ओट्सचं गोड मिश्रण) तपासून घ्या. मध आणि सिरप हीदेखील साखरच. मुलं फिकं खात नसतील तर कोको पॉप्स मूठभर, बाकी वीटाबिक्स चुरून, वर केळ्याच्या चकत्या.