बेलीझला मासे धरायला गेलो आणि ८२० डॉलरला गंडलो

आधी आकडा सांगून टाकतो. दोघांचे मिळून ८२० डॉलर. विमानाची तिकिटं खरी होती, हॉटेल खरं होतं, समुद्रही जागेवर होता. ज्याच्या भरवशावर ह्यूस्टनहून मध्य अमेरिकेतल्या, कॅरिबियन समुद्राकाठच्या बेलीझला निघालो तो गाईड तेवढा नव्हता.

मी साताऱ्याचा, माझा माशांशी संबंध ताटापुरता. मित्र मालवणचा. लहानपणी खाडीच्या कडेला तंगूस आणि गरी, म्हणजे नायलॉनचा दोरा आणि गळ, घेऊन गरवत बसणारा. टेक्सासात आल्यावर त्याला फ्लाय फिशिंगचं वेड लागलं आणि दोन वर्षांत त्याने मलाही त्यात ओढलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात कोळंबी किंवा किडा लावत नाहीत. गळावर पिसं, केस आणि चकाकता दोरा बांधून कोळंबीचं सोंग तयार करतात. ते इतकं हलकं असतं की नुसतं फेकलं तर पायाशी पडेल. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार असते, ती हवेत मागेपुढे झुलवून सोडायची. समोरून वारा आला की सगळं गणित फिसकटतं आणि गळ आपल्याच टोपीत अडकतो. माझ्या टोपीला तीन भोकं आहेत.

या नादाच्या लोकांचं एक स्वप्न असतं, बोनफिश. उष्ण समुद्रात, गुडघाभर पाण्यात, चिखलात तोंड खुपसून खेकडे-कोळंब्या शोधणारा चंदेरी मासा. तो पाण्याखाली दिसत नाही, त्याची सावली दिसते. बेलीझच्या किनाऱ्याला समांतर प्रवाळाची लांबच लांब भिंत आहे. तिच्या आतल्या उथळ, शांत पाण्यात हा मासा बारा महिने असतो. ह्यूस्टनहून तीन तासांच्या आत विमान पोचतं. मार्चमध्ये चार दिवस सुट्टी जुळली.

ओळखीच्यांना विचारलं तर गाईडचा आणि होडीचा रोजचा भाव पाचशे डॉलरच्या आसपास. मासेमारीच्या एका ग्रुपवर मला साडेतीनशेवाला सापडला. व्हॉट्सॲपवर बोलायला गोड. चार दिवसांचे १,४००, त्यातले निम्मे आगाऊ. शिवाय मासेमारीचे सरकारी परवाने तो काढून देणार, माणशी ६० डॉलर. वर म्हणाला, पकडलेले बोनफिश दुपारी बेटावर भाजून खाऊ घालीन. मी मित्राला अभिमानाने सांगितलं, बघ, घासाघीस न करता भाव पाडला.

त्याने पाठवलेल्या फोटोत एक हसरा माणूस, मागे हिरवंनिळं पाणी आणि हातात मांडीएवढा जाड, काळपट मासा. मित्राने फोन डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो मासो थयसर खय गावता रे?"

"म्हणजे?"

"अरे, हा आपल्याकडच्या कोकर माशाचा थोरला भाऊ. जायंट ट्रेव्हली. हा अंदमानात मिळतो, मालदीवला मिळतो. तिकडे कुठून आला?"

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं, कारण त्यानंतर मित्राने मला ते किमान पन्नास वेळा ऐकवलंय. मी म्हणालो, "सगळीकडे तुझं मालवण नको काढूस."

त्याने व्हिडिओ कॉल करू म्हटलं, त्यालाही मीच मोडता घातला. मला ओशाळं वाटलं. गरीब देशातला, समुद्रावर पोट भरणारा माणूस, त्याची उलटतपासणी कशाला घ्यायची? आता वाटतं, ही जी आपली भीड असते ना, तिचाच तो धंदा करत होता. बेलीझच्या नंबरांना ५०१ लागतं, याचा नंबर अमेरिकेचा. म्हणे पाहुण्यांच्या सोयीसाठी. क्रेडिट कार्ड चालत नाही, होडीवर कुठलं मशीन? पैसे बँकेच्या ॲपमधून थेट एका बाईच्या खात्यावर. म्हणे मेहुणी. आम्ही पाठवले. ७०० आणि परवान्यांचे १२०. तासाभरात परवान्यांची पीडीएफ आली, तिच्यात माझं आडनाव चुकलेलं. मी म्हटलं, सरकारी काम आहे, असं होतंच.

सान पेद्रोला पोचलो. अंबरग्रिस के नावाच्या बेटावरचं हे गाव, रस्त्यांवर गाड्यांपेक्षा गोल्फ कार्टच जास्त. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दोन छड्या, पाण्यात घालायचे बूट आणि डबा घेऊन आम्ही सांगितलेल्या धक्क्यावर उभे. सहा वाजले, साडेसहा झाले. मेसेजवर एकच टिक. सात वाजता त्या नंबरवरून त्याचा फोटोही नाहीसा झाला. तरी मी म्हणतोच आहे, "नेटवर्क नसेल." मित्र काहीच बोलला नाही. त्याने डबा उघडला आणि सँडविच खायला घेतलं.

शेजारी एक म्हातारा गाईड होडी धूत होता. बराच वेळ आमच्याकडे बघून शेवटी त्यानेच विचारलं, कुणाची वाट बघताय? मी फोटो दाखवला. त्याने आधी माणसाकडे बघितलंच नाही, माशाकडे बघितलं. म्हणाला, आमच्याकडे याच्या नात्यातला क्रेव्हॅल जॅक असतो, पण त्याच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणावर, काळा ठिपका असतो. याच्या गालावर आहे का ठिपका? नव्हता. हा मासा हिंदी आणि प्रशांत महासागरातला, या बाजूच्या समुद्रात तो नाहीच. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

मग म्हाताऱ्याने एकेक गाठ सोडवली. बोनफिश, परमिट (हेही माशाचंच नाव) आणि टार्पन हे तिन्ही मासे बेलीझमध्ये २००९ पासून कायद्याने संरक्षित आहेत. धरा आणि सोडा, मारायचे नाहीत. जो गाईड बोनफिश भाजून घालीन म्हणतो तो गाईड नाही. गाईडला पर्यटन मंडळाचा परवाना लागतो, फोटो असलेलं कार्ड. त्याने गळ्यातलं काढून दाखवलं. फोनवर मागितलं असतं तर कुणीही खरा माणूस त्याचा फोटो लगेच पाठवतो, त्यात कुणाला राग येत नाही. आणि मासेमारीचा परवाना सरकारी संकेतस्थळावरून आपला आपल्याला काढता येतो. आमच्या पीडीएफला काहीही अर्थ नव्हता. तिच्या जोरावर पाण्यात उतरलो असतो आणि तपासणी झाली असती, तर परक्या देशात गुन्हेगार आम्ही ठरलो असतो. मला पैशांपेक्षा या गोष्टीने जास्त घाम फुटला.

तिथेच धक्क्यावर बसून फोनवरून खरे परवाने काढले. म्हातारा एक दिवस मोकळा होता. ५०० डॉलर, कार्डाने. हो, त्याच्याकडे मशीन होतं.

तो दिवस सांगितल्याशिवाय राहवत नाही. खारफुटीच्या आडोशाने तो लांब काठीने होडी ढकलत होता, इंजिन बंद. "दहा वाजता, चाळीस फूट," म्हणजे घड्याळात दहाचा आकडा असतो त्या दिशेला. मला काहीही दिसेना. मग पाण्याबाहेर चार-पाच शेपट्या दिसल्या, पातळ काचेच्या तुकड्यांसारख्या चमकणाऱ्या. माझा पहिला फेक वाऱ्याने खाल्ला. दुसऱ्याला मासा आला आणि मी सवयीने छडी वर उचलली. इथे छडी उचलायची नसते, हाताने दोरी मागे खेचायची असते. मासा गेला. मित्राने मात्र एक धरला, जेमतेम दोन किलोचा. माशाने रिळावरची सगळी जाड दोरी काही क्षणांत पळवली आणि मालवणचा माणूस ओरडायला लागला. सोडताना तो माशाशी मालवणीत बोलत होता. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परतल्यावर बँकेला फोन केला. तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, त्यामुळे परत येणार नाहीत. कार्डाने दिले असते तर निदान तक्रार नोंदवून अडवता आले असते. एफबीआयचं इंटरनेट गुन्ह्यांसाठी पोर्टल आहे, तिथे सगळे स्क्रीनशॉट लावून तक्रार टाकली. हिशेब करताना मी म्हटलं, ८२० माझेच, चूक माझी. मित्र म्हणाला, निम्मे माझे, मी गप्प बसलो हीसुद्धा चूकच. त्यावर आमचं पुन्हा भांडण झालं.

फोटो इमेज सर्चमध्ये टाकायला दहा सेकंद लागली. हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या कुणाच्या तरी जुन्या सहलीतला निघाला. ही दहा सेकंदं पैसे पाठवायच्या आधीही माझ्याकडे होती.

परवा त्याच ग्रुपवर नवीन जाहिरात आली. आता नाव वेगळं, मेक्सिकोची कॅरिबियन बाजू, रोजचे ३००. फोटो तोच. मित्राने खाली लिहिलं, "याच्या गालावरचा ठिपका कुठे गेला?" पाच मिनिटांत त्याला ब्लॉक केलं. मग मी लिहिलं. मलाही केलं.