मॉलमधलं कोळशावरचं स्टेकहाउस: मागवताना काय बघाल

कोळशाच्या ग्रिलची खरी चव निखाऱ्यांवर टपकणाऱ्या चरबीच्या धुरातून येते. म्हणून इथे रिबआय (बरगड्यांजवळचा चरबीदार तुकडा) हाच स्टेक मागवा. टेंडरलॉइन (कण्याखालचं कमी चरबीचं मांस) मऊ असतं, पण त्यात चरबी इतकी कमी की कोळशाचा फारसा उपयोग होत नाही.

तुकडा किमान 3 सेंटिमीटर जाड हवा. पातळ तुकडा वरून खरपूस होईपर्यंत आतून वातड होतो. मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी आणि रसाळ, तर मधोमध साधारण 55 अंश सेल्सिअस. ग्रिलवरून काढल्यावरही तापमान 3-4 अंश चढतं, म्हणून काढायचा 51-52 वरच आणि मग 5 मिनिटं तसाच ठेवायचा. कापताक्षणी ताटात लालसर पाणी साचलं, तर ही पाच मिनिटं थांबणं टाळलेलं असण्याची शक्यता असते. (ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन या स्नायूंतल्या लाल प्रथिनामुळे रंगलेलं पाणी.) काजळीचा कडवट थर लागला तर चरबीने ज्वाळा भडकल्या होत्या, निःसंकोच परत पाठवा.

बंदिस्त मॉलमध्ये धूर खेचणारी यंत्रणा कमी पडली की कपड्यांना वास धरतो, टेबल ग्रिलपासून लांबचं घ्या. आणि सिनेमा सुटायच्या आधी पोचा: गर्दीत अर्धवट पेटलेल्या कोळशावरच मांस चढवलं जातं, तिथे सगळं बिघडतं.