विंटरफेलच्या दोन लढाया : शनिवारी रात्री कोणती लावायची?

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, शनिवारी पोरं येऊन राहिली घरी. गेम ऑफ थ्रोन्सची एकच लढाई पाहायची ठरलं आहे. बास्टर्ड्सवाली लावू का लाँग नाइट?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण दिलं नाही. या एका प्रश्नावरून आमच्या कंपूत तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर इतक्या वेळा वाजलं आहे, की एका शब्दात निकाल देणं म्हणजे जुन्या मित्रांशी बेइमानी झाली असती. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मालिका एकदा पाहून झालेली आहे असं धरून चाललो आहे. ज्यांची व्हायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, कारण पुढे बरेच जण मरणार आहेत.

तुलना बरोबरीची आहे हे आधी मान्य करू. 'बॅटल ऑफ द बास्टर्ड्स' जून २०१६ मधला, 'द लाँग नाइट' एप्रिल २०१९ मधला. दोन्हींचा दिग्दर्शक मिगेल सापोचनिक, कॅमेरा फेबियन वॅग्नरचा, संगीत रामिन जवादीचं, आणि दोन्ही वेळा पणाला लागलेला किल्लाही तोच, विंटरफेल. आचारी तोच, चूलही तीच. तरी एक ताट मी चाटूनपुसून खाल्लं आणि दुसऱ्यात काय वाढलंय हेच मला बराच वेळ दिसेना.

तेच सांगतो. २९ एप्रिल २०१९, सोमवार. अमेरिकेत रविवारी रात्री लागणारा भाग आपल्याकडे सकाळी साडेसहाला यायचा. बाकीच्या गावांत साडेसहा म्हणजे पहाट असेल. नागपुरात एप्रिलअखेर साडेसहाला सूर्य चांगला खिडकीत येऊन बसलेला असतो. आमचा हॉल पूर्वेकडे तोंड करून. पडदे ओढले, पण कूलरसाठी एक खिडकी उघडी ठेवणं भाग होतं, नाहीतर आठ वाजेपर्यंत आमचीच भाजी झाली असती. त्या एका खिडकीतून आलेला उजेड थेट टीव्हीवर. पडद्यावर जगाचा अंत चालू, आणि मला दिसतोय कूलर, कूलरवरची पाण्याची बादली आणि मधोमध बनियनमधला मी. नाइट किंगचं मढ्यांचं सैन्य माझ्या पोटावरून चाल करून येत होतं.

आई पोहे घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "लाइट गेली का रे?"

मी ब्राइटनेस वाढवला. काळ्याचं राखाडी झालं, दिसलं मात्र काहीच नाही. शिवाय त्या राखाडीत चौकोन हलायला लागले. इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून, बारीक करून पाठवतात आणि ती काटछाट पहिल्यांदा अंधाऱ्या भागांतच होते, कारण तिथलं कमी झालेलं डोळ्याला सहसा कळत नाही. पण सगळा भागच अंधाराचा असेल तर? मग ड्रॅगन कुठला आणि ढग कुठला, ज्याने त्याने आपापलं ठरवावं. जगभर ओरड झाल्यावर वॅग्नरने सांगितलं, की चित्रीकरणात दोष नाही, पुष्कळ लोकांना आपला टीव्ही नीट लावताच येत नाही. बाबा, टीव्ही लावता येतो. सूर्य कसा विझवायचा ते सांग.

अंधाराची तक्रार मात्र सगळ्यांनीच केली आहे. माझं घोडं त्याच्या पुढे अडलं. अंधारामुळे शेजारचा माणूस प्रश्न विचारायला लागतो. "हा कोण?" "कोण मेलं?" "ड्रॅगन आपला का त्यांचा?" ब्याऐंशी मिनिटांचा भाग, त्यातली निम्मी तरी मी धावतं समालोचन करण्यात घालवली, तेही अंदाजाने. एडला मारल्यावर मी "सॅम गेला" असं छातीठोक जाहीर केलं. बायकोने हळहळ व्यक्त केली. दहा मिनिटांनी सॅम जमिनीवर आडवा पडून रडताना दिसला आणि घरातली माझी उरलीसुरली पत गेली.

भाग संपला तेव्हा आठ वाजत आले होते. तसेच उठून आम्ही चौघं ठेल्यावर जमलो.

"दिसलं का बे काही तुले?"

"आवाज आले ना. चांगले होते आवाज."

आमचा बँकेतला मित्र मात्र खूश होता. त्याची बेडरूम पश्चिमेला, खिडकीला जाड पडदा, टीव्ही महागाचा. त्याला सगळं दिसलं होतं. त्या दिवसापासून तो लाँग नाइटचा वकील आहे. त्याची बाजू मी मांडली नाही तर तो हा लेख फाडून खाईल, म्हणून मांडतो.

तो म्हणतो, डोथराकी घोडेस्वारांच्या तलवारी पेटतात आणि मग लांब अंधारात एकेक करून विझतात, तसा शॉट दुसऱ्या भागात दाखव. नाही दाखवता येत. मेलिसान्ड्रे ही जादूगारीण येते, त्यांच्या हजारो अराख, म्हणजे वाकड्या तलवारी, एकदम पेटतात, घोडदळ धावत सुटतं आणि आपण भिंतीजवळ उभे राहून बघतो. आधी ज्वाळांची नदी, मग ठिणग्या, मग मिणमिण, मग काही नाही. किंकाळीसुद्धा नीट ऐकू येत नाही. इथे अंधार कामाचा आहे. हा प्रसंग मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा पोह्याचा चमचा हवेत राहिला.

शेवटचा पियानोही त्याच्याच खात्यात. तासभर आरडाओरडा झाल्यावर सगळे आवाज खाली बसतात आणि फक्त जवादीचा पियानो उरतो. या भागाच्या संगीताला एमी मिळाला, आणि त्याबद्दल आमच्या ठेल्यावरही मतभेद नाही. लायब्ररीत आर्या पुस्तकांच्या घोड्यांमागून दबक्या पावलांनी सरकते, तेही उत्तम. गंमत म्हणजे तिथे उजेड आहे.

पण पंचावन्न रात्री उत्तर आयर्लंडच्या थंडीत राबून, युद्धाची आखणी कोणी केली होती? दगडफेकीची यंत्रं पायदळाच्या पुढे, खंदकाच्या बाहेर. घोडदळ पहिल्याच मिनिटाला काळोखात सोडून दिलं. आणि जो शत्रू मढी उठवतो, त्याच्यापासून वाचवायला बायकापोरं कुठे ठेवली, तर तळघरातल्या थडग्यांत! नागपुरातली सीताबर्डीची टेकडी ज्याने शाळेच्या सहलीत एकदा चढून पाहिली आहे, तो पोरगाही सांगेल की आधी उंच जागा धर आणि तोफा आत ठेव.

आता दुसरी बाजू. बास्टर्ड्समध्ये ढगाळलेला का होईना, दिवस आहे. माळरान आहे. या टोकाला किल्ला परत घ्यायला आलेला जॉन, त्या टोकाला किल्ला बळकावून बसलेला रॅमसे, मध्ये मोकळी जमीन. कोण कुठे आहे हे पहिल्या मिनिटाला कळतं आणि पुढे सगळा गोंधळ उडाला तरी डोक्यातला नकाशा पुसला जात नाही. रॅमसेची माणसं ढालींचं कडं करून जॉनच्या सैन्याला आवळत आणतात, मागे प्रेतांचा ढीग. ही कल्पना कॅनीच्या लढाईवरून घेतलेली, इसवी सनापूर्वी २१६ मध्ये हॅनिबलने रोमन सैन्याला असंच घेरून कापलं होतं. हे माहीत नसलं तरी काही अडत नाही. कडं लहान होत जातं तसा आपलाच श्वास लहान होत जातो.

मग जॉन पडतो आणि त्याच्याच बाजूची माणसं त्याच्या अंगावरून पळतात. हा प्रसंग मुळात तसा लिहिलेलाच नव्हता. पावसाने मैदानाचा राडा झाला, वेळापत्रक कोलमडलं, ठरलेलं सगळं उरलेल्या दिवसांत होणार नाही असं सापोचनिकने निर्मात्यांना कळवलं आणि त्या अडचणीतून हे सुचलं. चिखल, गुडघे, कोपरं, वर आभाळाची एक चिंधी आणि घशातून येणारी घरघर.

ती चिंधी मी पाहिलेली आहे. आठ-नऊ वर्षांचा असेन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी मला इतवारीत मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला नेलं होतं. पिवळी मारबत आली, "घेऊन जा गे मारबत" असा एकच गजर झाला, गर्दी वळली आणि काकांचा हात सुटला. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मी चालत नव्हतो, मला नेलं जात होतं. डोळ्यांसमोर कुणाच्या तरी सदऱ्याची ओली पाठ, कानात ढोल, आणि वर दोन घरांच्या सज्ज्यांमध्ये बोटभर आभाळ. किती वेळ गेला कोण जाणे. एका पानवाल्याने दंडाला धरून ओढून ठेल्याच्या फळीवर बसवलं तेव्हा कुठे छातीत हवा गेली. जॉन त्या ढिगातून डोकं वर काढून श्वास घेतो ना, तेव्हा मी नेहमी सोफ्यावर थोडा उंच होतो. बायको हसते. हसू दे.

आणि आईची परीक्षा. आईने मालिका कधीच पाहिलेली नाही, जॉनला ती "तो केसाळ" म्हणते. रॅमसे जॉनच्या धाकट्या भावाला, रिकनला, सोडतो आणि मागून बाण मारायला लागतो, तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. मेथीची जुडी हातात तशीच राहिली. "अरे, वाकडातिकडा पळ ना! सरळ काय पळतोस बावळटा!" मालिकेच्या चाहत्यांनी पुढे जी तक्रार वर्षानुवर्षं केली, ती आईने अर्ध्या मिनिटात, मेथीची पानं खुडता खुडता करून टाकली. एकदाही "हा कोण" असं विचारलं नाही. मला समालोचन करावं लागलं नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला होता.

दोष याही भागात आहेत, ते झाकत नाही. सुरुवातीची बरीच मिनिटं मीरीन या दूरच्या शहरात जातात. ड्रॅगन जहाजं जाळतात, छान आहे, पण पोरं लढाई पाहायला जमली असतील तर तेवढं पुढे सारा. जॉनवर इतके बाण पडतात आणि एक लागत नाही, गडी अमरपट्टा घेऊनच उतरलेला. आणि ऐन वेळी येणारं व्हेल प्रांताचं घोडदळ! जॉनच्या बहिणीला, सान्साला, ते येणार हे माहीत होतं तर तिने भावाला आधी का नाही सांगितलं, याचं पटणारं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. घोडदळाने ऐन वेळी पारडं फिरवणं मात्र मला खटकत नाही. आमच्याच सीताबर्डीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांच्या बाजूच्या अरबांनी छोटी टेकडी घेतली होती, इंग्रज हरल्यात जमा होते, आणि कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने चाल करून डाव उलटवला. लढाया अशा फिरतात. फक्त फिट्झजेराल्डला कुणाची बहीण लपवून ठेवत नव्हती.

शेवटचा कुत्र्यांचा प्रसंग घरात थोरलं कुणी असेल तर बंद करावा. मी रिमोट हातातच धरून बसलो होतो.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगायला हवं. दोन वर्षांनी बँकेतल्या त्या मित्राकडे, रात्री दहानंतर, त्याच्या त्या महागड्या टीव्हीवर लाँग नाइट पुन्हा पाहिला. भाग वेगळाच निघाला. लिआना मॉर्मोंट आणि राक्षस, ढगांवर चांदण्यात आलेले ड्रॅगन, हे मी सोमवारी सकाळी पाहिलंच नव्हतं. तेव्हा तुमच्याकडे अंधारी खोली असेल, पडदा चांगला असेल आणि पाहणारे सगळे जुने खेळाडू असतील, तर मित्राचं म्हणणं मी खोडणार नाही. टीव्हीचा वीज वाचवणारा मोड काढा, सिनेमा मोड लावा आणि कूलरचा लाल दिवासुद्धा चिकटपट्टीने झाका. खरंच फरक पडतो.

पण एवढा सरंजाम करून पाहावा लागणारा भाग आणि मेथी निवडता निवडता पाहता येणारा भाग, यांत मी काय निवडलं ते वेगळं सांगायला नको. गच्चीवर चादर बांधून प्रोजेक्टर लावणार असाल तर विचारूच नका. समोर पथदिवा असला की लाँग नाइट म्हणजे नुसती चादर.

भाच्याला हे सगळं सांगितलं. "बरं मामा," म्हणाला. रविवारी सकाळी त्याचा फोन आला. पोरांनी मतदान घेऊन लाँग नाइटच लावला होता.

"मग? कसा होता?"

"एक नंबर, मामा. ते तलवारी विझतात ना, बापरे."

"आणि कोण कोण मेलं ते कळलं?"

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "ते परत पाहा लागेल."