मांजर ट्रेबाहेर शू करतंय? ‘खात्रीशीर उपाय’ विकणाऱ्यांपासून सांभाळा

‘सात दिवसांत तुमचं मांजर पुन्हा ट्रेमध्ये जाईल, नाही गेलं तर पूर्ण पैसे परत.’ असं वाक्य कुठे दिसलं तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्ही त्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि आमचा बोका मरता मरता वाचला. पैसे गेले ते गेलेच. पण आजारी जनावर डॉक्टरपर्यंत पोहोचूच नये, अशी तजवीज त्या लोकांनी करून ठेवली होती. माझा खरा संताप त्यावर आहे.

मन्या तरुण बोका, नसबंदी झालेला, पिल्लू असल्यापासून न चुकता लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शू-शीसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये, जाणारा. एकाएकी तो बाथरूमच्या फरशीवर, पायपुसण्यावर, धुवायच्या कपड्यांवर शू करायला लागला. तो वास घरात भरला की माणूस किती मेटाकुटीला येतो, हे ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांना सांगायला नको. रात्री फोनवर उपाय शोधत बसलं की नेमकी अशी जाहिरात समोर येते.

आधी एक मोफत प्रश्नावली भरून घेतात. मांजराचं वय किती, घरात आणखी मांजरं आहेत का, शू कुठे करतं. शेवटी निदान येतं: ‘तुमच्या मांजराला हद्दीची असुरक्षितता वाटते आहे.’ पुढे याच लोकांनी फसवलेल्या आणखी एका बाईंशी माझं बोलणं झालं. त्यांची म्हातारी मांजरी ट्रेच्या शेजारी शी करत होती. म्हणजे तक्रारच वेगळी. तरीही त्यांना आलेलं निदान माझ्याशी शब्दन् शब्द जुळत होतं.

मग ‘तज्ज्ञ’ म्हणवणाऱ्या माणसाचा फोन आला. बोलणं अतिशय गोड. मी म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवून घेते. तो म्हणाला, “ताई, ती चूक करू नका. दवाखान्याच्या नुसत्या वासानं मांजर आणखी बिथरतं. डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात, त्यानं काही होत नाही. हा वागणुकीचा प्रश्न आहे, आजार नाही.”

यातली मधली दोन वाक्यं बऱ्याच अंशी खरी आहेत, म्हणून ती गळी उतरतात. दवाखान्याचा ताण मांजरांना खरंच येतो. तरुण मांजराच्या मूत्राशयाच्या तक्रारींत जिवाणूंचा संसर्ग फारसा सापडत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकचा अनेकदा उपयोगही नसतो. पण त्यावरून ‘आजारच नाही’ असं ठरत नाही. जनावराला हात न लावता, लघवी न तपासता कुणालाही ते ठरवता येत नाही. जोडीला ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ होतीच.

घरी आलेल्या खोक्यात एक फवारा, ट्रेमध्ये टाकायची सुगंधी पावडर आणि मानेवर लावायचे थेंब होते. बाटलीवर घटक म्हणून फक्त ‘नैसर्गिक वनस्पती अर्क, गुप्त सूत्र’. वास पुदिना आणि लिंबाच्या सालीसारखा, उग्र. डॉक्टरांनी पुढे ती बाटली पाहिली तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. टी ट्री, पुदिना, दालचिनी, लवंग, लिंबूवर्गीय फळं यांची तेलं मांजराला विषारी ठरू शकतात, कारण असली द्रव्यं निष्प्रभ करण्याची मांजराच्या यकृताची ताकद माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मानानं फार कमी असते. त्यात मांजर सगळं अंग चाटतं, त्यामुळे अंगावर लावलेलं पोटात जातंच. पावडरीचा अपाय वेगळाच. बहुतेक मांजरांना लिटरला, म्हणजे ट्रेमधल्या वाळूसारख्या दाण्यांना, सुगंध आवडत नाही, अशा ट्रेकडे ती पाठ फिरवतात. म्हणजे ट्रेमध्ये जावं म्हणून विकलेली वस्तू मांजराला ट्रेपासून लांब नेत होती.

आणि तरीही मन्या सुधारला! आठवड्याच्या आत तो पुन्हा ट्रेमध्ये जायला लागला. संपूर्ण धंदा कशावर उभा आहे ते इथे कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तरुण मांजरांमध्ये लघवीच्या त्रासाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे मूत्राशयाला येणारी अशी सूज, जिचं नेमकं मूळ तपासणीत सापडत नाही. ताणाशी तिचा जवळचा संबंध असतो. घरात नवीन माणूस, नवीन जनावर, सामानाची हलवाहलव, खिडकीबाहेर फिरणारं परकं मांजर, एवढंही पुरतं. लघवी करताना दुखतं, मांजर ते दुखणं ट्रेशी जोडतं आणि दुसरी जागा शोधतं. यात राग नसतो, सूड नसतो. आणि ही सूज बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप उतरते. औषध द्या, देऊ नका, मंत्र म्हणा, पाणी शिंपडा, उतरते. पुढे मात्र ती पुन्हा उलटू शकते. आता ‘सात दिवसांत’ हा शब्द पुन्हा वाचा. आजार स्वतःहून उतरण्याची जी मुदत, तीच त्यांची हमीची मुदत.

अभिप्रायही ते त्याच आठवड्यात मागतात. ‘छोटा व्हिडिओ पाठवा, पुढची बाटली मोफत.’ मी पाठवला, कारण तेव्हा बोका खरोखर बरा दिसत होता. म्हणून त्यांच्या पानावरचे आनंदी चेहरे सगळेच खोटे असतील असं मी म्हणणार नाही. त्यातले बरेच माझ्यासारखेच, त्या चांगल्या आठवड्यात टिपलेले असतील. माझा व्हिडिओ काढून टाका म्हणून मी पुन्हा पुन्हा लिहिलं. तो आजही तिथेच आहे.

काही आठवड्यांनी दुखणं उलटलं, आणि या वेळी जोरात. मन्या सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कुंथायचा, थेंब-दोन थेंब यायचे किंवा काहीच नाही. मधूनच ओरडायचा, शूची जागा सतत चाटायचा. मी त्यांच्या मदत क्रमांकावर व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: ‘हद्द आखण्याची जुनी सवय बाहेर पडते आहे, चांगलं लक्षण आहे, थेंबांचं प्रमाण दुप्पट करा, त्याला एकटं सोडा.’

हे उत्तर देणाऱ्याला मांजरातलं ओ की ठो कळत नव्हतं. हद्द आखणारं मांजर बहुधा उभं राहून, शेपटी ताठ करून थरथरवत भिंतीवर किंवा कपाटावर मागे फवारा मारतं. मन्या खाली बसून कुंथत होता. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात बारीक खडे किंवा चिकट बोळा अडकला की लघवी तुंबते. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्या रात्री त्याला उलटी झाली आणि तो कोपऱ्यात निपचित पडला, तेव्हा आम्ही त्या ‘तज्ज्ञा’चं काहीही न ऐकता दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितलं, मूत्राशय दगडासारखं झालंय. भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं, मूत्रपिंडं धुतली जावीत म्हणून दाखल करून घेतलं. मन्या वाचला. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

पैसे परत मागितले तेव्हा अटी पुढे आल्या. रोजची लेखी नोंद हवी, प्रत्येक बाटली पूर्ण संपवलेली हवी, आणि सगळ्यात संतापजनक अट म्हणजे ‘या काळात मांजरावर दुसरा कोणताही उपचार झालेला नसावा’. म्हणजे डॉक्टरकडे नेलंत की हमी रद्द. ज्याचं मांजर खरंच आजारी आहे त्याला पैसे परत मिळण्याचा रस्ताच नाही, आणि ज्याला पैसे परत हवेत त्यानं मांजर तडफडत ठेवायचं. शिवाय ‘मोफत बाटली’ घेताना आपोआप वर्गणी सुरू झाली होती. दर महिन्याला कार्डावरून पैसे जातच राहिले. शेवटी बँकेला लेखी कळवून ते थांबवले.

मन्याला ज्यानं फरक पडला त्यातलं काहीच गुप्त नाही. डॉक्टरांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली, वेदनाशामक दिलं. ओलं खाणं सुरू केलं, पाण्याची भांडी वाढवली, कारण लघवी पातळ राहणं महत्त्वाचं. ट्रे मोठा घेतला. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी, त्याच्या दीडपट तरी तो असावा. एक मांजर असेल तर दोन ट्रे, दोन असतील तर तीन, आणि तेही वेगवेगळ्या जागी. आमचा ट्रे वॉशिंग मशीनला खेटून होता, तो शांत कोपऱ्यात हलवला. बिनवासाचं, बारीक दाण्याचं, ओलं झालं की गोळा होणारं लिटर, रोज साफ. डाग पडलेल्या जागा एन्झाइमच्या क्लीनरनं धुतल्या. अमोनियाचा क्लीनर अजिबात वापरू नका, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो आणि मांजर पुन्हा तिथेच जातं.

मांजरांच्या वागणुकीचे खरे जाणकार असतात, आणि काही मांजरांना त्यांची गरजही असते. पण आधी तपासणी हवीच. त्या दुसऱ्या बाईंच्या मांजरीला सांधेदुखी निघाली, उंच कडेचा ट्रे चढणं तिला जमत नव्हतं. खरा जाणकार पहिला प्रश्न विचारतो: डॉक्टरांनी तपासलं का, लघवीचा रिपोर्ट आहे का? हा प्रश्न न विचारता जो वस्तू विकतो, त्याच्याशी तिथेच बोलणं थांबवा. ‘वागणूकतज्ज्ञ’ ही पाटी कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कुठे झालं ते विचारा.

असं काही आधीच विकत घेतलं असेल तर थेंब आणि फवारा आत्ता बंद करा. जाहिरात, अटी आणि सगळे संदेश यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पानं बदलली जातात. कार्डावरची वर्गणी बँकेकडून बंद करून घ्या आणि ग्राहक तक्रार नोंदवा. बोका कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. बाटली फेकू नका, सोबत न्या. अंगावर काय लावलं गेलंय हे डॉक्टरांना कळायला दुसरा मार्ग नसतो.