आउटर वाइल्ड्स आणि ओब्रा डिन: संपवून काही महिने झाल्यावर

गेम संपल्या संपल्या लिहिलेल्या मतावर माझा फारसा भरवसा नाही. शेवटच्या प्रसंगाचा अंमल उतरायला वेळ लागतो. म्हणून ‘आउटर वाइल्ड्स’ आणि ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ संपवल्यावर मुद्दाम काही महिने जाऊ दिले. मधल्या काळात नकाशाभर कामं वाटणारे मोठे, खर्चिक गेमही खेळलो. त्यांतलं आता थोडंच आठवतं. या दोघांतल्या जागा मात्र नावानिशी आठवतात. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. इथे तुमचं पात्र कधीच ताकदवान होत नाही. नवी तलवार नाही, एक्सपी (अनुभवाचे गुण) नाही, स्किल ट्री (एकेक करून मिळवायच्या कौशल्यांचा तक्ता) नाही. वाढते ती फक्त तुमची समज.

‘आउटर वाइल्ड्स’मध्ये तुम्ही टिंबर हार्थ नावाच्या चिमुकल्या ग्रहावरचे नवखे अंतराळवीर असता. लाकडाने डागडुजी केलेलं यान घेऊन निघायचं आणि वाटेल तिकडे जायचं. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही परत शेकोटीपाशी जागे होता. टिकते ती यानातली नोंदवही आणि तुमच्या डोक्यात शिरलेली माहिती. जे कळायला हवं ते आधीच कळलेलं असेल, तर एकाच फेरीत शेवट गाठता येतो. कुलपं सगळी अज्ञानाची आहेत.

या २२ मिनिटांत अख्खी सूर्यमाला बदलत असते. दोन जुळे ग्रह एकमेकांभोवती फिरतात. एकाची वाळू दुसऱ्यावर ओतली जाते, त्यामुळे दुसऱ्याच्या गुहा बुजत जातात आणि पहिल्यावर गाडलेले मनोरे उघडे पडतात. म्हणजे कुठे जायचं याइतकंच कधी जायचं हेही महत्त्वाचं. ब्रिटल हॉलो या ग्रहाच्या पोटात कृष्णविवर आहे आणि पायाखालची जमीन तुकड्या-तुकड्यांनी त्यात कोसळत असते. तिथे मी पहिल्यांदा तोल जाऊन खाली पडलो आणि आतून कुठल्या कुठे बाहेर निघालो, तेव्हा हातातला कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो.

पण मनात घर केलं ते नोमाई लोकांनी. ही जमात कधीच नाहीशी झालेली आहे, भिंतींवर त्यांच्या वळणदार लिखाणातले संवाद तेवढे उरलेत. कुणी प्रयोगावरून वाद घालतंय, कुणी मुलांना धडा समजावतंय, कुणी लाजत आपलं प्रेम सांगतंय. ते वाचत वाचत त्यांचं काय झालं हे जेव्हा उमगतं, तेव्हा खरोखर सुतक लागल्यासारखं वाटतं. त्यात अँड्र्यू प्राहलो यांचं संगीत. निरनिराळ्या ग्रहांवर विखुरलेले प्रवासी एकाच धूनेचे तुकडे वाजवत असतात, कुणाकडे बँजो, कुणाकडे बासरी, कुणाकडे माउथ ऑर्गन. योग्य ठिकाणी यान थांबवून दुर्बिणीसारखं यंत्र रोखलं की सगळे सूर एकत्र ऐकू येतात. ॲलेक्स बीचम यांच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून सुरू झालेला हा गेम २०१९ मध्ये आला आणि २०२० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

त्रुटीही आहेत. सुरुवातीला काही काळ दिशाच सापडत नाही. कीबोर्डवर यान चालवणं कष्टाचं आहे, कंट्रोलर घ्याच. ऑटोपायलट वाटेतला सूर्य चुकवत नाही, हेही लक्षात असू द्या.

‘ओब्रा डिन’ २०१८ चा, लुकस पोप यांनी जवळजवळ एकहाती केलेला. १८०२ मध्ये लंडनहून निघालेलं व्यापारी जहाज १८०७ मध्ये फाल्मथ बंदरात लागतं, आणि त्यावर जिवंत कुणीच दिसत नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. प्रेताजवळ एक घड्याळ उघडायचं, मरणापूर्वीचे आवाज ऐकायचे, मग तो गोठलेला क्षण चारी बाजूंनी फिरून पाहायचा. ६० माणसं. प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं, हे वहीत भरायचं. तीन जणांची माहिती अचूक जुळली की मगच ती पक्की होते, त्यामुळे ठोकताळे फार काळ चालत नाहीत. बूट, गोंदण, झोपण्याच्या झोळीवरचा आकडा, बोलण्यातला हेल, सगळं पाहावं लागतं. चित्रं जुन्या मॅकिंटॉश संगणकावरच्यासारखी, दोनच रंगांची. पंधरा मिनिटांत डोळे सरावतात.

ज्या वर्षी हे जहाज निघालं, त्याच वर्षाच्या शेवटी दुसऱ्या बाजीरावाने याच कंपनीशी वसईचा तह केला. आपल्याला कंपनी माहीत आहे ती सत्ता म्हणून. इथे ती दिसते जमाखर्च मांडणारी पेढी म्हणून, जिला माणसाच्या मरणाचीही नुकसानभरपाई नाहीतर दंड ठरवायचा असतो. जहाजाच्या यादीत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. त्यांची नावं लावताना माझा हात जरा जड झाला होता.

दोन्ही गेम दुसऱ्यांदा त्याच अनुभवाने खेळता येत नाहीत, आणि पैसे मोजताना हे माहीत असावं. मी बहिणीला ‘ओब्रा डिन’ लावून दिला आणि शेजारी तोंड मिटून बसलो. तिने पहिले तिघे ओळखले तेव्हा मला माझ्या वेळेपेक्षा जास्त आनंद झाला. इंग्रजी वाचायची सवय हवी, कारण दोन्हींत मजकूर भरपूर आहे. वेळ कमी असेल तर आधी ‘ओब्रा डिन’ घ्या, तो आठ-दहा तासांत होतो. वॉकथ्रू, म्हणजे उत्तरं सांगणारं मार्गदर्शन, उघडू नका. अडलात तर दुसऱ्या ग्रहावर जा, दुसरं प्रेत पाहा. ‘आउटर वाइल्ड्स’ची ‘एकोज ऑफ द आय’ ही २०२१ ची पुरवणी मूळ गेम संपवूनच घ्या. ती बरीच काळोखी आहे, अंधाराची भीती वाटणाऱ्यांनी त्यातला भीती कमी करण्याचा पर्याय सुरुवातीलाच चालू करावा.